खव्याला पत्ता मिळाला!

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या ऑफिसात एकाच वेळी सात-आठ मोबाइल वाजतात. मीटिंग चालू असली तरी सगळे खाली बघतात. मेसेज ठरलेला: ‘उद्या रात्री गाडी निघणार. कुणाला किती?’ मग अर्धा किलो, एक किलो अशी उत्तरं धडाधड जातात, पाठोपाठ यूपीआयनं पैसे जातात आणि शनिवारी पहाटे भूमहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खवा पुण्यात उतरतो. आमच्या टीममधल्या भूमच्या मित्राच्या काकांची भट्टी आहे, त्यांचा हा खवा. ज्यांना धड चहासुद्धा करता येत नाही असे महाभागही पाव किलो घेतात आणि साखर घालून चमच्यानं खातात!

लोणावळा आणि महाबळेश्वर करून करून कंटाळा आला होताच. म्हटलं, या वीकएण्डला उलट्या दिशेला जाऊ या. खवा जिथून निघतो तिथं.

एक गाव, दोन नावं

पुण्याहून मध्यरात्री गाडीत बसलं की पहाटे धाराशिव. स्टेशनावरची पाटी नवी आहे. शहराचं ‘उस्मानाबाद’ हे नाव २०२३ मध्ये बदललं, स्टेशनाचं २०२५ मध्ये. घ्यायला मित्राचा चुलतभाऊ आला होता. बी.कॉम. झालेला, तेवीस वर्षांचा, एका कानात कायम इअरफोन. काकांच्या खव्याचं ‘ऑनलाइन खातं’ याच्याकडे.

जीपमध्ये बसल्या बसल्या त्यानं पहिला धडा दिला. ‘‘ताई, नावाचा लई घोळ हाय बघा. पुण्यातली नवी पोरं धाराशिव टाकून शोधतेत. सोलापूर-हैदराबादचं जुनं गिऱ्हाईक अजून उस्मानाबादच टाकतंय. एकच नाव लिहिलं की निम्मं गिऱ्हाईक गेलं.’’ म्हणून गूगलवर दुकानाची माहिती भरताना त्यानं वर्णनात दोन्ही नावं टाकलीत. बारकोडवाल्यापासून पेढेवाल्यापर्यंत गावात सगळ्यांनी हे एव्हाना शिकून घेतलंय म्हणे. ‘‘शेळीचं बरंय,’’ तो हसला, ‘‘ती अजून उस्मानाबादीच!’’ खरंच की. काळ्याभोर, हमखास जुळी देणाऱ्या त्या शेळीच्या जातीचं नाव देशभर उस्मानाबादी म्हणूनच चालतं.

दोन हजार वर्षांपूर्वीचा एक्स्पोर्ट

भट्टी दुपारी बघायची होती, म्हणून सकाळी तेर. शहरापासून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर, तेरणा नदीच्या काठावर. संत गोरोबाकाकांचं गाव. इथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर बघाच, मुळात ते बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक सांगतात. पण मला ओढ होती ती संग्रहालयाची. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावातल्याच एका माणसानं आयुष्यभर शेतातून, नदीकाठातून मिळणाऱ्या जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्याच नावानं सरकारनं हे संग्रहालय चालवलंय. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती... एका गावाचा ऐवज म्हणून बघताना थक्क व्हायला होतं.

हे गाव म्हणजे पूर्वीचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रव्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, त्यात तगरचं नाव आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. इथलं साधं सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायचं, तिथून जहाजांनी पश्चिमेला. इटलीत पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली आणि तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती बाहुली तेरलाही सापडली आहे. म्हणजे आपण ज्याला ग्लोबल मार्केट वगैरे म्हणतो, ते या गावाला नवीन नाही!

पण एक गोष्ट मनात राहिली. त्या पुस्तिकेत बंदराचं नाव आहे, मालाचं नाव आहे, तगरचंही आहे. कापड विणणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही.

कढईसमोर काका

दुपारी भूम तालुक्यात. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनी इथून मोक्षाला गेले असं मानतात, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथंच सल्लेखना घेतली. टेकडीवरच्या मंदिरांत शांत बसावंसं वाटतं. आजूबाजूचा सगळा पट्टा माळरानाचा, पाऊस बेभरवशाचा. पीक गेलं तरी म्हैस घर चालवते. दूध नासायच्या आत शहरात पोचवणं जमत नव्हतं तेव्हापासून इथले लोक ते आटवत आलेत.

काकांची भट्टी म्हणजे पत्र्याची शेड, खाली धगधगणारं सरपण, वर भलीमोठी लोखंडी कढई आणि लांब दांड्याचं उलथनं. ते थांबवायचं नाही. थांबलं की खाली लागलं. ‘‘पाच लिटर म्हशीचं दूध आटलं की किलोभर खवा पडतो,’’ काका म्हणाले. ‘‘पूर्वी सकाळी व्यापारी यायचा, तो म्हणंल तो भाव. डबा गाडीत गेला की आपला संबंध संपला. पुण्यात तुम्ही जी बर्फी खाताव ती माझी का दुसऱ्याची, ना तुम्हाला ठाऊक, ना मला.’’

मला तेरचं कापड आठवलं.

मग धाकट्यानं मोबाइल हातात घेतला. कढईत उकळ्या मारणारं दूध, वाफ, काकांचे हात. ना गाणं, ना नाच. तीस सेकंदांचं रील. ते इतकं पळालं की आठवड्यात नागपूर, सुरत, बंगळूरहून ऑर्डरी. घरात दिवाळी! पहिलं पार्सल कुरियरनं लांबच्या गावी पाठवलं. ते पोचलं चौथ्या दिवशी, तेही उन्हाळ्यात. खव्याचं काय झालं असेल ते लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवता जेवता वाचत असाल. पैसे परत केले. तरी रीलखाली ‘फ्रॉड’ म्हणून कमेंट पडलीच, आणि तिच्यावर तीसेक लाइक्स. ‘‘पंधरा दिवस पेज उघडलंच न्हाई,’’ धाकटा म्हणाला. इअरफोन तेवढा त्यानं काढला होता.

पोरानं हाय खाल्लेली बघून काका एवढंच म्हणाले होते, ‘‘जिथं पोचवता येत न्हाई, तिथं दाखवायचं कशाला?’’

मार्केटिंगवरची जाडजूड पुस्तकं वाचून आणि दोन सेमिनार करून मला जे कळलं नव्हतं, ते या एका वाक्यात होतं. ताजा खवा बाहेर फार तर एखाद-दोन दिवस टिकतो. त्याचं गिऱ्हाईक एका रात्रीच्या अंतरावरच असणार. मग धाकट्यानं आख्ख्या देशाचा नाद सोडला. पुण्यात राहणारे आपल्या तालुक्यातले लोक शोधले, त्यांच्या ऑफिसातले लोक शोधले, व्हॉट्सअॅप बिझनेसवर यादी केली. या ब्रॉडकास्ट यादीची गंमत अशी की, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज त्याला पोचतो. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा फोन करून ‘नंबर सेव्ह करा बरं का’ सांगणं आलं. कंटाळवाणं काम. पण ज्यानं नंबर सेव्ह केला तो सहसा परत आलाच. लांबच्या ऑर्डरींना पेढा. खवा साखरेसोबत परतला की जास्त दिवस टिकतो. डब्यावर लेबल: अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर, बनवल्याची तारीख, गाव, तालुका आणि फोन.

आता पुढचं कोडं. ‘कुंथलगिरी खवा’ला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हे कुणा एका दुकानाचं बक्षीस नाही, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. पण डब्यावर ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. तिकडे हायवेवर मात्र ‘कुंथलगिरीचा प्रसिद्ध पेढा’ अशा पाट्याच पाट्या! खरा कुठला, बाहेरून आणलेला कुठला, गाडी थांबवणाऱ्याला काय कळणार? धाकटा कागदपत्रं गोळा करतोय. ‘‘रीलपेक्षा हे काम अवघड हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण हेच टिकंल.’’

कवडीमोल? छे!

रविवारी तुळजापूर. अर्ध्या महाराष्ट्राची कुलदेवता, त्यामुळे गर्दीबद्दल वेगळं काय सांगायचं! दर्शन झाल्यावर मंदिराजवळच्या गल्लीत कवड्यांच्या माळांचं एक दुकान दिसलं. देवीचे आराधी गळ्यात घालतात ती माळ. समुद्रातली कवडी माळरानावरच्या देवीला येऊन पावली, आणि ‘तुळजापूर कवडी’लाही २०२४ मध्येच जीआय मिळालं. एके काळी कवडी हेच चलन होतं. मग आपण ‘कवडीमोल’ म्हणायला लागलो. आता त्याच कवडीला सरकारी मानाचा शिक्का!

दुकानातल्या मावशी साठीच्या. कुंकवाच्या राशीशेजारी क्यूआर कोड चिकटवलेला. सून व्हिडिओ कॉलवर मुंबईच्या कुणा बाईंना माळा दाखवत होती, त्यांच्याकडे गोंधळ होता. मावशींना विचारलं, ‘‘हे सगळं जमतं का हो तुम्हाला?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘देवीकडं मोबाइल न्हाई बाई, पर देवीच्या माणसांकडं हाय की!’’

दुकानाला गूगलवर पाचपैकी एक तारा देणारे दोघं होते. का? दर्शनाच्या रांगेत चार तास उभं राहावं लागलं म्हणून! धाकट्यानं मावशींच्या सुनेला तिथल्या तिथं शिकवलं, अशा लोकांना रागवायचं नाही, खाली नम्रपणे उत्तर लिहायचं. तिनं लिहिलं, ‘आपणास त्रास झाला, क्षमस्व. पुढच्या वेळी दुकानात बसून पाणी प्या.’ कुठल्याही पीआर एजन्सीला जमणार नाही असलं उत्तर!

दिवाळीपर्यंत

परतीच्या गाडीची वाट बघताना धाकट्यानं सांगितलं. पुण्यात एका कंपनीच्या गोदामात नोकरी मिळतेय. रात्रपाळी, पण पगार ठरलेला. खव्याचे पैसे कधी बरे, कधी श्रावणात उत्तम, कधी म्हशी आटल्या की शून्य. मोठा भाऊ आधीच पुण्यात, तोच आमचा मित्र. हाही गेला तर काकांच्या मोबाइलवर ऑर्डरी कोण बघणार? आणि राहिला तर लग्नाच्या बाजारात ‘पुण्याला नोकरी’ ही एक ओळ कमी. काका म्हणाले म्हणे, ‘‘दिवाळीपर्यंत बघ. मग तुझं तू ठरव.’’

मी त्याला काही सल्ला दिला नाही. एसी ऑफिसात बसून खवा खाणाऱ्यांनी देऊही नये. एक मात्र केलं. इतके दिवस तो नंबर माझ्या फोनमध्ये ‘खवावाला’ म्हणून सेव्ह होता. गाडी सुटल्यावर तो बदलला. आता तिथं काकांचं पूर्ण नाव आहे, पुढं गाव, आणि तालुका भूम.

जायचंय? पुण्याहून रेल्वेनं थेट धाराशिव, किंवा रस्त्यानं बार्शीमार्गे. सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, तिथून धाराशिव आणखी वीस-बावीस. वेळ असेल तर नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहाल चुकवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. नवरात्रात तुळजापूरला जाणार असाल तर राहण्याची सोय आधी करा. खवा घेताना डब्यावरची तारीख आणि गाव वाचा, आणि आवडला तर नंबर नावासकट सेव्ह करा.