झाकण्याआधी पाहिलेलं घर

लांजा तालुक्यातलं आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं. दर पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल चढायची आणि गणपतीआधी ती पुन्हा लिंपून घ्यावी लागायची. एका श्रावणात तिला बाहेरून टेकू द्यायची पाळी आली, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेजारच्याच मोकळ्या जागेत नवीन घर बांधायचं नक्की केलं. हे नोकरीसाठी मुंबईत, अण्णांचे गुडघे दुखरे. कामावर रोज उभं राहणं माझ्याकडे आलं.

कोकणात बांधकामाला मोजका काळ मिळतो. वर्षाचा तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो, म्हणून दसऱ्याला भूमिपूजन करून मिरगाच्या आत कौलं चढवायची, असा इथला रिवाज. त्यातही दुसरी अडचण असते. एवढा पाऊस होऊनसुद्धा मार्च-एप्रिलात विहिरी तळाला जातात. त्यामुळे ज्या कामांना भरपूर पाणी लागतं, ती पाया, जोतं आणि स्लॅबची कामं विहिरीला पाणी आहे तोवर उरकावी लागतात. अण्णांनी सगळं वेळापत्रक विहिरीकडे बघून आखलं होतं.

गवंडी विजापूरकडचे. आमच्या भागात बांधकामावरची बरीच माणसं कर्नाटकातूनच येतात. पायाचे चर खणताना पूर्वेकडे कमरेइतक्या खोलीवर कातळ लागला, पण विहिरीकडच्या कोपऱ्यात नुसती मऊ माती निघत राहिली. आता बस झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. गवंडीमामांनी चरात उतरून पहार मारली. ती सहज आत गेली. "वैनी, तिकडं कातळ, इकडं माती. असंच ठिवलं तर भिंत फाटतीय बघा," ते म्हणाले. इंजिनिअरनेही तेच समजावलं. घराचा एक भाग दगडावर आणि दुसरा मातीवर बसला, की मातीकडची बाजू ओझ्याने खचते, दगडाकडची जागची हलत नाही, आणि मधल्या भिंतीला तिरकी भेग जाते. एकदा गेलेली ती भेग कितीही भरली तरी पुन्हा उघडते.

खर्च वाढणार होता. "खड्ड्यातच किती पैसे घालायचे हो?" सासूबाई म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "घालू. वरचं कमी करू. लादी काय, मागाहून बदलता येते." कातळ लागेपर्यंत तो कोपरा खणला. दुसऱ्या आठवड्यात तो भरून, बुजवून सपाट झाला. आज तिथे तुळशीकडे जाणारी पायरी आहे आणि तिच्याखाली काय आहे, हे येणाऱ्या कुणाला कळायचं कारण नाही.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा बघायला मी खाणीवर गेले. पूर्वी माणसं हाताने चिरे काढत, आता गोल पात्याचं यंत्र जमिनीवर आडव्या-उभ्या रेघा मारत जातं. नुकता काढलेला चिरा ओलसर आणि मऊ असतो. उघड्या हवेत वाळत राहिला की तो कठीण होत जातो. म्हणून गाडी उतरली, की लगेच बांधायला घ्यायची घाई करायची नाही. चिरा निवडायला गवंडीमामांनीच मला शिकवलं. थापीच्या मुठीने ठोकून आवाज ऐकायचा आणि पांढऱ्या मातीची भोकं जास्त असतील तो बाजूला काढायचा, कारण पावसात ती माती धुऊन जाते आणि भिंतीत पोकळी राहते. लावण्याआधी चिरा भिजवायचा, नाहीतर तो मालातलं पाणी शोषतो आणि सांध्यातलं सिमेंट कच्चं राहतं. वरच्या थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. नंतर आतून गिलावा झाला, की यातलं काहीच दिसत नाही.

खिडक्यांच्या डोक्यावर भिंती आल्या, तेव्हा इंजिनिअरने सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा, आत सळया असलेला काँक्रीटचा पट्टा घालायला सांगितला. दारांखिडक्यांपुरते तुकडे टाकून भागत असताना हा खर्च कशाला, असं भावकीतले एकदोघं म्हणाले. अण्णांनी त्यांना कोयनेच्या भूकंपाची आठवण करून दिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते शाळकरी वयाचे होते. फळीवरची भांडी खाली आली आणि आजीने सगळ्यांना अंधारात अंगणात ओढलं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती वरच्या धाब्याच्या ओझ्यासकट झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. भूकंपात भिंती कोपऱ्यांत एकमेकींपासून सुटतात आणि एकेकटी भिंत बाहेर पडते. मोळीला दोरी आवळावी तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरून ठेवतो. कोपऱ्यांत सळई वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशी आत नेली आहे का, हे मी काँक्रीट पडायच्या आधी टेपने मोजून घेतलं. मामांना त्याचा राग आला नाही. ते स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभे राहिले.

स्वयंपाकघर आणि न्हाणीवर स्लॅब, बाकी घरावर कौलं. स्लॅबच्या दिवशी पहाटेपासून मिक्सर सुरू झाला. बायकांच्या हातांतून घमेली वर चढत होती. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून वरून कुणीतरी "पाणी सोड, पाणी सोड" ओरडायचं आणि मामा खालून नको म्हणायचे. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि तिथे बारीक पोकळ्या उरतात, ताकद कमी होते. सळई खालच्या फळ्यांना टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवलेले होते. पायांनी ते सरकले, की एक मुलगा वाकून पुन्हा जागेवर लावायचा. सळईभोवती काँक्रीटचं पुरेसं कवच नसलं, तर आमच्या दमट हवेत ती गंजते, फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे पडायला लागतात. दिवसभर वाकत राहिलेल्या त्या मुलाचं काम कुठल्याच फोटोत आलं नाही. पण त्या स्लॅबचं आयुष्य त्याने वाढवलं, हे मी खात्रीने सांगते.

मग पाणी मारणं. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी कोंडलं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला दहा दिवस ओलावा हवाच. आम्ही त्याहून जास्त दिवस धरले. सासूबाई, ज्यांना पायाचा खर्च खुपत होता, त्याच उन्हं चढली की आवाज द्यायच्या, "अगो, आळी सुकली बघ!"

जुन्या घराची धड कौलं आम्ही नव्यावर घेतली. काहींच्या पाठीवर बेसल मिशनचा शिक्का आणि १८६५ हे साल आहे. मंगळूरला मिशनचा कारखाना सुरू झाला त्याचं हे साल, कौलं नंतरची. ब्रशने घासून, पाण्यात बुडवून, चिरलेली बाजूला काढत सासूबाईंनी आणि मी ती निवडली. सुताराने रिपांचं अंतर त्याच मापाने ठेवलं, म्हणजे एका कौलाची खाच दुसऱ्यात नेमकी बसेल. मिरगाआधी कोने बसले.

वास्तुशांतीला पहिली पंगत कामावरच्या माणसांची, हा अण्णांचा आग्रह. मामांना आणि त्यांच्या बायकोला जोडीने पाटावर बसवून नवं वस्त्र दिलं. पाहुण्यांनी दाराच्या फणसाच्या लाकडाचं आणि ओटीच्या लादीचं कौतुक केलं. ते करावंच, दोन्ही देखणी आहेत. पण घर बांधायला काढलेलं कुणी मला विचारलं, तर मी त्यांना आधी माझ्या मोबाईलमधले फोटो दाखवते: कातळापर्यंत खणलेला कोपरा, वळवलेल्या सळया, गिलाव्याआधीचे पाण्याचे आणि विजेचे पाईप, प्रत्येकाशेजारी टेप धरलेली. रंग आणि लादी निवडायला सगळं घर जातं. त्यातला निम्मा उत्साह पाया भरायच्या आदल्या दिवशी आणि स्लॅब पडायच्या आदल्या संध्याकाळी दाखवा. बघा, विचारा, मोजा, आणि जो कारागीर कुणी न सांगता तिथे नीट काम करतो त्याला मजुरी वेळेवर द्या. घर त्याच्या भरवशावर उभं राहतं.