देह आधी, साधन मागाहून

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांच्या खर्चवेचाचा हिशेब कसा बदलतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना धावण्याच्या आणि बलसंवर्धनाच्या उपसाधनांचा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नव्हे, हे सांगावे लागणार नाही. पहाटे तुळजाभवानी क्रीडा संकुलाकडे किंवा गावाबाहेरच्या मुरमाड वाटेकडे निघणाऱ्या मुलामुलींना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. आणि घड्याळ घेऊ का, कमरेला पट्टा हवा का, या त्यांच्या पृच्छांना मी एकच उत्तर देत आलो, की जे साधन देहाची निश्चित अडचण दूर करते ते अवश्य घ्यावे, आणि जे देहाचे काम स्वतःकडे घेते ते, देह ते काम शिकेपर्यंत, दूर ठेवावे.

बूट हा मात्र ऐच्छिक जिन्नस नव्हे. अबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हा दाखला सर्वांना ठाऊक असतो. तोच पुरुष १९६४ साली टोकियोत बूट घालून, पहिल्याहून कमी वेळात, पुन्हा जिंकला, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही. बालाघाटाच्या अंगावरील धारदार खडी, बाभळीचे काटे आणि सराटे यांतून धावणाऱ्याला पायाचे रक्षण हवेच. परंतु ते रक्षण चवडा न आवळणाऱ्या, टाच न निसटू देणाऱ्या साध्या बुटाने होते, त्यासाठी महागड्या नाममुद्रेची गरज नाही. उलट, धावताना सुखावह वाटणारा जाड मऊ तळ खांद्यावर वजन घेऊन बैठक मारताना दबतो व डळमळतो, म्हणून तेथे अनवाणी पाय किंवा सपाट, कठीण तळच श्रेयस्कर.

साधन नकोच, असे आपल्या तालमीचेही म्हणणे कधी नव्हते. हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक आणि हळद घालतात, मल्लखांबाला एरंडेल चोळतात. त्या प्रत्येक उपचारामागे त्वचेचे रक्षण किंवा घर्षणाचे नियमन असे विवक्षित प्रयोजन असते. हीच कसोटी कमरेच्या पट्ट्याला लावावी. दीर्घ श्वास भरून पोट पट्ट्यावर दाबले असता उदरातील दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. म्हणून शक्तीच्या कमाल मर्यादेजवळचे वजन उचलणाऱ्या अभ्यस्त माणसाला पट्टा उपकारक आहे, आणि जोर-बैठका काढणाऱ्या नवशिक्याला तो निरर्थक आहे. मनगटाच्या पट्ट्यांनी वजन उचलणे सुकर होते, पण मुठीचा व्यायाम तेवढाच घटतो. ज्याला भरतीत ७.२६० किलोग्रॅमचा गोळा फेकावयाचा आहे त्याने मुदगल आणि करेला फिरवून मूठ व मनगट घडवावे हे बरे. हातमोज्यांविषयी तर नियमानेच निकाल दिला आहे: ॲथलेटिक्समध्ये गोळाफेकीला ते चालत नाहीत. गुडघ्यावर चढविलेल्या नी-कॅपने ऊब मिळते, कधी धीरही येतो. पण जे दुखणे विश्रांतीनेही हटत नाही ते तिच्याखाली झाकून धावत राहणे म्हणजे रोगाला मुदतवाढ देणे होय, तेथे वैद्याचीच शिफारस घ्यावी.

घड्याळाची उपयुक्तता खरी आहे, पण मर्यादित आहे. मुलांच्या १६०० मीटरच्या धावेत पहिल्या चारशे मीटरांतच दम उधळून टाकणे हा सर्वांत सामान्य दोष, आणि तो सुधारण्यासाठी फेरीगणिक वेळ कळावी लागते. त्याला दहा जणांत मिळून एक स्टॉपवॉच पुरते. हृदयाचे ठोके मोजणारे मनगटी यंत्र हात झुलत असता चुकीचे आकडे देऊ शकते, तर धावता धावता पुरते वाक्य बोलता येत असेल तर गती सौम्य आहे, ही कसोटी फुकट आणि भरवशाची आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पाणी, चिमूटभर मीठ आणि डोक्यावर टोपी यांचे मोल घड्याळाहून कितीतरी अधिक असते.

याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ साली दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या खेळाला दोन खांब आणि आखलेले मैदान यांवाचून फारसे काही लागत नाही, त्या खेळाने हा सन्मान येथे आणला, ही गोष्ट आमच्या मुलांनी चित्तात ठेवावी.

पालकांना माझी विनंती एवढीच, की सोयाबीनच्या पट्टीतून मुलासाठी किंवा मुलीसाठी काही घ्यावयाचे झाल्यास आधी चांगला बूट आणि रोजचा पोटभर, सकस आहार यांची तजवीज करा. बाकीच्या प्रत्येक वस्तूबाबत, ही नेमकी कोणती अडचण दूर करते, हे विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे घरात राहू द्या.