एका खाड्याची किंमत

सकाळचे सात वाजतात. सुरतमधल्या त्या मेसच्या लांबलचक खोलीत दिवसपाळीचे कामगार उठून बाहेर पडतात आणि रात्रपाळीहून परतलेले त्यांच्याच जागेवर अंग टाकतात. जागा एक, माणसे दोन! ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून यंत्रमागावर काम करायला आलेले कितीतरी तरुण वर्षानुवर्षे असेच राहत आले आहेत.

अशाच एका खोलीतला तिशीचा एक कारागीर. महिनाभर त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. ताप नाही, खोकला नाही. पण वस्तीत येणाऱ्या स्वयंसेवकाने दिलेले एक पत्रक त्याच्या उशाखाली आहे आणि गावी त्याच्या पत्नीला दिवस गेले आहेत. दोन वर्षांपूर्वी, घरापासून दूर असताना, मित्रांच्या नादाने तो नको त्या वाटेला गेला होता. ती गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

रक्त तपासून घ्यावे, असे त्याला दहादा वाटले. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, हेही ठाऊक होते. मग अडले कुठे?

पहिली अडचण पोटाची. यंत्रमागावर मजुरी मिळते ती मीटरवर. केंद्र उघडे असते तेव्हा त्याची बारा तासांची पाळी चालू असते. खाडा केला की दिवसाची कमाई बुडाली, शिवाय शेठची बोलणी वेगळीच! दुसरी अडचण लोकांची. खोलीतले बहुतेकजण आसपासच्याच गावांतले. दवाखान्याचा कागद कुणाच्या नजरेस पडला, तर बातमी त्याच्या आधी घरी पोचेल. तिसरी भाषेची. जी गोष्ट ओडियातही जिभेवर येत नाही, ती मोडक्यातोडक्या हिंदीत परक्या माणसाला कशी सांगावी? आणि शेवटची अडचण मनातली. कळलेच नाही, तर रोग नाहीच, असे मन समजावत राहते.

पण या न कळण्याची किंमत कोण मोजतो?

एका संध्याकाळी पत्नीचा फोन आला. ‘‘गुरुवारी दवाखान्यात बोलावलंय. रक्त तपासणार आहेत,’’ ती सहज म्हणाली. त्याच्या पोटात धस्स झाले. गरोदरपणातल्या तपासण्यांत एचआयव्हीचीही तपासणी असते. नवरा परगावी आणि आजार आधी उघडकीस आला बायकोच्या रक्तात, तर बोट कुणाकडे दाखवले जाईल, हे सांगायला का हवे?

त्या रात्री मागावरून उतरताना त्याने शेजारच्या वयस्कर कारागिराला हळूच विचारले, ‘‘भाई, माझ्याबरोबर केंद्रात याल?’’

‘‘येतो की! मीसुद्धा मागच्या वर्षी तपासून घेतलंय.’’

महिनाभर पत्रकाने जे झाले नव्हते, ते या एका वाक्याने झाले. दोघांनी झोप मोडली, खाडा केला.

केंद्रात समुपदेशकाने आधी दार लावून घेतले. तपासणी संमतीनेच होईल आणि निकाल गुप्त राहील, असे सांगितले. 2017 साली झालेला आणि सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला कायदाच तसे सांगतो. या आजारापायी कुणाला कामावरून काढण्यासही त्या कायद्याने मनाई आहे. ओडिया न येणाऱ्या समुपदेशकाचे बोलणे भाईने समजावून दिले. मग काही थेंब रक्त घेतले.

एक नव्हे, तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्या. तिन्हींचा निकाल एकच होता.

तो सुन्न झाला. पण पुढचे शब्द त्याच्या कानांवर पडले, हे त्याचे भाग्य. औषधे 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. 2017 पासून तर निदान होताच उपचार सुरू करता येतात. गावी जाताना कागदपत्रे तिकडच्या केंद्राकडे पाठवता येतात. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पत्नीला लागण झाली असली, तरी वेळेवर औषधे घेतल्यास बाळाला वाचवता येते.

बुधवारी रात्री त्याने घरी फोन लावला. ‘‘उद्या काहीही निघालं, तरी दोष माझा आहे. तुझा नाही. हे मी आईलाही सांगेन.’’

पलीकडे बराच वेळ फक्त रडणे ऐकू येत होते. मग ती म्हणाली, ‘‘उद्या आई बरोबर येणार होत्या. आता आशा दीदींनाच घेऊन जाते. तुम्ही औषध चुकवू नका.’’

मोफत तपासणी ही मोठीच सोय. पण गावापासून दूर राहणाऱ्या माणसाला तिथवर पोचायला पगारी सुट्टी लागते, आपली भाषा लागते आणि ‘चल, मी येतो’ म्हणणारा एक माणूस लागतो. फोनवरून विचारायचे असेल, तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

मेसमध्ये गोळ्यांची डबी लपवायला जागा नव्हती. भाईने काही न बोलता आपल्या पत्र्याच्या ट्रंकेची दुसरी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.