माती किती ब्रास?

माणसाचं शिक्षण कुठल्या शाखेत झालं, हे त्याने बाजारात विचारलेल्या पहिल्या प्रश्नावरून ओळखावं. सायन्सवाला विचारतो, "हे कशाचं बनलंय?" आर्ट्सवाला म्हणतो, "वा, काय रंग आहे!" आणि पिशवी पुढे करतो. आम्ही कॉमर्सवाले "कसं दिलं?" एवढंच विचारतो. पण या प्रश्नाला उत्तर मिळायचं तर वस्तूला आधी माप हवं. कापडाला मीटर आहे, दुधाला लिटर आहे, सोन्याला तोळा आहे. मातीला मात्र इतकी मापं आहेत की एकाचा दुसऱ्याशी ताळा जमत नाही.

मूळ प्रकरण आमच्या तात्यांच्या गुडघ्यांचं. तात्या आंबेगाव खोऱ्यातले शेतकरी. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून आणि नाव मात्र पाण्यातल्या गावाचं. आमची दोन एकर त्याच पाण्यात. पुढे मी बँकेला लागलो आणि आम्ही जुन्नरला घर केलं. तेव्हापासून तात्या ओट्यावर बसून शिवनेरीकडे बघतात. आता वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केलेली. परसात जागा आहे, पण तिथे नुसता मुरूम. म्हणून मी गवंड्याकडून विटांचे तीन उंच वाफे बांधून घेतले. दीड फूट उंच, म्हणजे तात्यांना काठावर बसून खुरपता यावं. तीन फूट रुंद, म्हणजे कुठल्याही बाजूने हात मधोमध पोचावा. आणि लांबी दहा फूट, कारण पुढे शेजाऱ्यांची भिंत आहे.

आमच्या चिरंजीवांचं मत, वाफे गच्चीवर करावेत. मी त्याला हिशेब दाखवला. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. तीन वाफ्यांत एकेक फूट माती म्हटली तरी पावसाळ्यात डोक्यावर चार टन! आमच्या हिने वर बघितलं आणि गच्चीचा ठराव एकमताने फेटाळला.

आता मुख्य गणित. तळाला अर्धा फूट उसाचं पाचट आणि काटक्या. पाचट आमच्या तालुक्यात फुकट मिळतं आणि कुजून त्याचं खत होतं. त्याच्यावर एक फूट माती. दहा गुणिले तीन गुणिले एक, झाले तीस घनफूट. तीन वाफ्यांचे नव्वद. इथवर चौथीतला मुलगाही येतो. पण मोकळी माती पाणी पडलं की बसते. मी घट धरली एक पंचमांश, म्हणजे वीस टक्के. तुम्ही म्हणाल, मग नव्वदात वीस टक्के मिळवा, एकशेआठ झाले. वाचकहो, इथेच बी.कॉम. कामाला येतं. एकशेआठातून वीस टक्के वजा करून बघा, शहाऐंशीच उरतात! बसल्यानंतर नव्वद हवे असतील तर नव्वदाला शून्य पूर्णांक आठाने भागायचं : साडेबाराशेजवळ नाही, चांगले एकशे साडेबारा. हे मी परसातल्या फरशीवर खडूने मांडून ठेवलं. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दक्षिणेच्या गायी-घोड्यांचे आकडे कोरलेले आहेत. हिशेब दगडावर लिहायची पद्धत आमच्या तालुक्यात दोन हजार वर्षांची आहे.

ही एकशे साडेबारा सगळी माती नव्हे हं. निम्मी माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत, पाव हिस्सा भाताचं तूस. तूस पश्चिमेकडच्या भातगिरण्यांवर मिळतं आणि त्याने काळी माती चिकट होत नाही. म्हणजे विकत घ्यायची माती सव्वाछप्पन घनफूट.

एवढं निश्चित झाल्यावर मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "कशी दिली?"

"ब्रासवर."

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मी म्हटलं, "छप्पन द्या." त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाव म्हैस मागितली. चिरंजीवांनी मोबाइल काढला. नर्सरीत तयार मिश्रणाच्या चाळीस लिटरच्या पिशव्या मिळतात, आपल्याला ऐंशी लागतील म्हणाला. आमच्या हिचं माप घमेलं. एका घमेल्यात अर्धा घनफूट धरला तर एकशेबारा घमेली. "आणि ती वाहणार कोण?" हा प्रश्न तिने गणिताबाहेरचा म्हणून विचारला. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो क्रेटने मिळत असताना हा खटाटोप कशाला, हेही विचारलं. शेवटी, "काय लावाल ते लावा, पण उसाएवढं वाढवू नका, बिबट्या येऊन बसेल," अशी अट घालून तिने मंजुरी दिली.

तात्या गप्प होते. ट्रॅक्टर आला, तेव्हा ते काठी टेकत उतरले. ट्रॉलीतली मूठभर माती घेतली, पाण्याचे चार थेंब टाकले, दाबून लाडू केला आणि अंगठ्याने टिचकी मारली. लाडू तसाच राहिला. वास घेतला. "पायाची हाय," म्हणाले, "न्हे माघारी."

ट्रॅक्टरवाला मुकाट्याने वळला. घराचा पाया खणताना खालून निघते ती माती दिसायला काळीभोर असते, पण जीव असतो तो वरच्या वीतभर थरात. तिथेच पालापाचोळा कुजतो, तिथेच गांडुळं राहतात. चांगल्या मातीचा लाडू होतो, पण टिचकीने फुटतो. माझ्या फरशीवरच्या हिशेबात या टिचकीला रकाना नव्हता.

"आरं, माती किती हे मागून," तात्या म्हणाले, "कंची हे आधी इचारावं."

मग ते जरा खुलले. फरशीवरचे आकडे बघत म्हणाले, "ब्रासवर इकत्यात व्हय माती? मंग आपली किती ब्रास व्हती?"

मी सहज खडू घेतला. एकराचे चौरस फूट त्रेचाळीस हजार पाचशे साठ. दोन एकरांचे सत्याऐंशी हजार एकशेवीस. "खोली किती, तात्या?" त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. एक हात, म्हणजे दीड फूट. सातबाऱ्यावर लांबी-रुंदीचं क्षेत्र असतं, खोलीचा रकाना नसतो. ती तात्यांच्या हातावरच नोंदलेली. गुणाकार झाला एक लाख तीस हजार सहाशेऐंशी. म्हणजे 1,306 ब्रास आणि वर ऐंशी घनफूट. आमच्या तिन्ही वाफ्यांची माती त्या वरच्या ऐंशीतच बसून उरत होती.

मी आकडा वाचला. तात्यांनी तो दोनदा म्हणून बघितला. बराच वेळ कोणी बोललं नाही. ट्रॉल्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. मलाही काही सुचेना, म्हणून मी जवळच्या बोरी बुद्रुकची गोष्ट काढली. तिथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून आली असं शास्त्रज्ञ सांगतात. वाद आहे तो कुठल्या स्फोटातली, याचा. म्हटलं, "बघा तात्या, समुद्रापलीकडून आली, वाहतूक खर्च शून्य!"

"आली तशी जाती बी," तात्या म्हणाले. मग काठी माझ्याकडे रोखून, "एवढी गेली, तवा अर्ध्या ब्रासापायी घासाघीस करू नगंस."

केली नाही. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावरची माती तात्यांनी स्वतः टिचकी मारून पास केली. अख्खी ट्रॉली घेतली. उरलेल्या चव्वेचाळीस घनफुटांचा ढीग भिंतीशी ठेवलाय, कारण पाचट कुजलं की वाफे दर साली खाली बसणार आणि भर घालावी लागणार. माझ्या वहीत तो ढीग "अखेरची शिल्लक" म्हणून लिहिला आहे. तात्या त्याला "बियाणं" म्हणतात.

पहिल्या वाफ्यात मेथी, दुसऱ्यात वांगी. तिसऱ्यात तात्यांनी भात टाकलाय. तीस चौरस फुटांत किती तांदूळ निघेल याचा अंदाज मला काढता आला असता. खडू खिशातच होता. पण तात्या काठावर बसले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत.