फ्लॉफाइंडर: इग्नोर

परवा शुक्रवारी निघता निघता बॉसची मेल: ते जुनं सी मधलं मोड्यूल फ्लॉफाइंडरमधून काढून सोमवारी रिपोर्ट दे. झालं, वीकेंडची वाट! लॅपटॉप पाठीला मारला आणि एसटीने भिंगारला घरी आलो.

फ्लॉफाइंडर हे डेव्हिड व्हीलरने 2001 मध्ये आणलेलं छोटंसं टूल. ते कोड चालवून बघत नाही, फक्त धोकादायक नावं ओळखतं. स्ट्रकॉपी दिसलं की 4, गेट्स दिसलं की थेट 5. गेट्सला आपण दिलेली जागा किती हे कळतच नाही, येईल तेवढं आत घेतं. 1988 चा मॉरिस वर्म फिंगर सर्व्हरमधल्या याच गेट्समधून घुसला होता. 2011 च्या सी स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलं. आम्ही मात्र कॉलेजात टर्बो सीवर सर्रास वापरायचो, वर मार्कंही मिळायचे.

रिपोर्टमध्ये शेकड्याने ओळी, बहुतेक उगाच घाबरवणाऱ्या. जागा नीट मोजून केलेली कॉपीसुद्धा टूलला संशयास्पद वाटते. पन्नासेक ओळींनंतर डोळे नुसतेच फिरायला लागले, म्हणून संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालत गेलो. 12 ऑगस्ट 1803 ला वेलस्लीने हा किल्ला घेतला. मारा कुठून करायचा हे त्याला भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन सांगितलं, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. (नगरचे मित्र हे आम्हाला अधूनमधून ऐकवतात. असो.)

परतताना एकदम आठवलं. ओळीवर कॉमेंटमध्ये 'फ्लॉफाइंडर: इग्नोर' लिहिलं की टूल ती ओळ सोडून देतं. पण ही सूट न मानायचाही एक पर्याय आहे. रात्री तो लावून पुन्हा चालवलं. नऊ ओळी नव्याने वर आल्या. आठ ठीक होत्या. नववीत मेमकॉपी, आणि किती बाइट कॉपी करायचे तो आकडा समोरून आलेल्या पॅकेटमधूनच उचललेला. तपासणी शून्य. टूल याला फक्त 2 देतं. शेजारी कॉमेंट: 'लांबी नेहमी 64 च असते.'

कुणाचा हा शहाणपणा म्हणून गिट ब्लेम केलं. माझाच! तीन वर्षांपूर्वी, रिलीजच्या आदल्या रात्री 11:40 ला. 64 कुणी सांगितलं होतं, काही केल्या आठवेना.

दुरुस्ती दोन ओळींची. गुपचूप टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं, पण जुनं व्हर्जन ग्राहकांकडे चालूच आहे, त्यांना सांगावं लागणार. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मेल पाठवली. 'कोणी केलं' समोर माझं नाव.

अजून उत्तर नाही. उद्या सकाळी सहाची एसटी आहे.