चार शब्दांचें दुखणें

आमच्या लाखनीच्या घरांत दुखण्याची लाज कोणास कधीं वाटली नाहीं. वडिलांच्या मधुमेहाचीं पथ्यें आल्यागेल्यास सविस्तर सांगितलीं जात. आजीच्या गुडघ्यांचा इतिहास तर शेजारच्या मुलांसही पाठ होता. १४ माणसांच्या एकत्र कुटुंबांत कोणी ना कोणी औषध घेत असावयाचेंच. परंतु सन २०२३ च्या दिवाळीनंतर आमचे धाकटे काका, ज्यांस आम्ही सर्व बापूकाका म्हणतों, आजारी पडले, तेव्हां मात्र आमच्यापैकीं एकानेंही तें बाहेर बोलून दाखविलें नाहीं. 'प्रकृति जरा नरम आहे', या चार शब्दांवर आम्ही तीन महिने काढले.

बापूकाका शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले. हिशेबाचे असे काटेकोर कीं, घरखर्चाच्या वहींत रुपयाची चूक राहिली तर ती सांपडेपर्यंत पानावर बसत नसत. प्रथम त्यांची झोप गेली. मग रात्रीं दोनला दिवा लावून ते जुन्या वह्या काढीत व त्याच त्या बेरजा पुन्हां करीत. शाळेच्या सहलीची वर्गणी आपण खाल्ली, असें एके दिवशीं ते काकूंस म्हणाले. त्या सहलीस २१ वर्षें लोटलीं होतीं! आम्ही वही पुढें करून बेरीज बरोबर असल्याचें दाखवीत असूं. ते तें मान्य करीत आणि पुन्हां रडूं लागत. गणिताच्या मास्तरास बरोबर बेरजेनें समाधान मिळूं नये, याहून आजाराची मोठी खूण कोणती हवी होती? पण आम्ही पडलों शिकलेलीं माणसें. आम्ही त्यांस उपदेश केला, मन रमावें म्हणून पुस्तकें आणून दिलीं, एका खाजगी दवाखान्यांतून झोपेच्या गोळ्या आणल्या, आणि हें सर्व दार लोटून घेऊन केलें.

त्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्या भागांत 'याला नागपूरला न्या' असें थट्टेनें म्हणतात, आणि त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाहीं. नागपूरचें मनोरुग्णालय सन १८६४ पासूनचें. आमच्या पणजोबांची एक बहीण तेथें गेली ती परत आली नाहीं, एवढें आजीनें कधींतरी सांगितलें होतें. घरच्या वंशावळींत तिचें नांव नाहीं. शिवाय बापूकाकांच्या मुलीच्या लग्नाचें त्याच वर्षीं चाललें होतें. हें येथें लिहिलें नाहीं तर खोटेपणा होईल.

माघांतल्या एका पहाटे काकूंस जाग आली तों शेजारचें अंथरूण रिकामें. हिशेबाची वही देवापुढें ठेविलेली, तीवर कपाटाच्या किल्ल्या. बापूकाका मागच्या विहिरीच्या कठड्यावर बसलेले सांपडले. कोणी कांहीं विचारलें नाहीं. आईनें त्यांस हात धरून आंत आणलें, शाल पांघरली, आणि आम्हां सर्वांकडे वळून ती म्हणाली, "आतां पुरे झाली तुमची अब्रू."

त्याच सकाळीं आम्ही भंडाऱ्यास जिल्हा सामान्य रुग्णालयांत गेलों. तेथें मनाच्या आजारांवर उपचार होतात, हें आम्हांस घरकामास येणाऱ्या बाईंनीं सांगितलें. त्यांच्या भावास तेथेंच गुण आला होता. रोज दोन वर्तमानपत्रें वाचणाऱ्या आमच्या घरास तें ठाऊक नव्हतें.

तपासावयास एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काकूंस तेवढें आंत ठेवून त्यांनीं बाकीच्यांस बाहेर बसविलें, आणि सरळ विचारलें, "सर, जीव द्यावा असें मनांत येतें का?" काकूंच्या अंगावर कांटा आला, असलें अभद्र कोणी बोलतें का! पण तीन महिन्यांत प्रथमच बापूकाकांनीं एका प्रश्नाचें धड उत्तर दिलें. विचारल्यानें तसला विचार डोक्यांत शिरत नाहीं, उलट बोलावयास वाट मिळते, असें बाईंनीं मागाहून आम्हांस समजाविलें. हें तीव्र नैराश्य आहे. त्यांत माणसास न केलेल्या अपराधाची खात्री पटूं शकते, आणि ती वाद घालून जात नाहीं. औषधाचा गुण दिसावयास दोन ते चार आठवडे लागतील, तोंवर त्यांस एकटें सोडूं नका, झोपेच्या उरलेल्या गोळ्या आजच त्यांच्या हातून काढून घ्या. नऊ दिवस त्यांस तेथें ठेवून घेतलें. काकू उशाशीं राहिल्या. नागपूरचें नांवही निघालें नाहीं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सन १९८२ चा. बेल्लारी जिल्ह्यांत प्रयोग करून पाहिल्यावर १९९६ पासून ही सेवा एकेका जिल्ह्यांत नेण्यास आरंभ झाला, आणि २०१७ च्या कायद्यानें असा उपचार मिळणें हा हक्कच ठरविला. फोनवरून सल्ला मिळावा म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरांत १४४१६ हा क्रमांकही सुरू झाला होता. आम्ही दार लोटून बसलों होतों तेव्हां हीं सर्व दारें उघडीं होतीं.

पुढची तपासणी लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयांत होईल, असें कळलें आणि आमचें धैर्य पुन्हां खचलें. भंडाऱ्यास आम्हांस कोण ओळखतो? येथें रांगेंत उभें राहणें म्हणजे गांवासमोर उभें राहणें. वडील म्हणाले, दर खेपेस भंडाऱ्यासच जाऊं. त्यावर बापूकाका हळूच म्हणाले, "आणि तें भाडें कोणत्या सदरांत लिहूं?" कित्येक महिन्यांनीं ऐकलेला तो त्यांचा स्वतःचा सूर होता.

आम्ही गेलों. केसपेपरासही पैसे पडले नाहींत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतून उपचार निःशुल्क झाले आहेत. बांकावर एक म्हातारी बाई सरकून म्हणाली, "बसा जी काकाजी. माह्या पोराले बी हेच हाय. आतां रोवणीले जाते तो." पलीकडे बापूकाकांचा एक जुना विद्यार्थी उभा होता. त्यानें वांकून नमस्कार केला. दोघेही थोडे ओशाळले, आणि मग धानाच्या भावाविषयीं बोलूं लागले. ज्या क्षणाच्या भयानें आम्ही एक माणूस विहिरीपर्यंत जाऊं दिला, तो क्षण एवढाच होता.

चैत्रांत त्यांस झोप येऊं लागली. मुलीचें एक स्थळ मोडलें. काकूंनीं सर्व खरें सांगितलें होतें. दुसऱ्या घरींही तेंच सांगितलें, आणि तेथें लग्न झालें. बरें वाटूं लागल्यावरही गोळ्या बरेच महिने घ्यावयाच्या असतात, याविषयीं बापूकाकांनीं प्रथम वाद घातला, मग त्यांसाठीं एक वही घातली: तारीख, जमा, खर्च, शिल्लक. पुढें डॉक्टरांनीं मात्रा कमी केली तेव्हां शिलकेंत ११ गोळ्या निघाल्या. सरकारी माल आहे, असें म्हणून ते त्या परत करावयास निघाले. औषधाच्या खिडकीवरील मुलानें दिलेलें औषध परत घेतां येत नाहीं म्हणून हात जोडले. तेव्हां त्यांनीं तेथेंच उभें राहून वहींत लिहिलें, 'शिल्लक ११, स्वीकारण्यास नकार', आणि त्यापुढें त्या मुलाची सही मागितली.