जगत्तुंग समुद्र

नांदेड व लातूर या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. सागराची गाज ऐकावयाची, तर येथील माणसाला दूरचा प्रवास करून सह्याद्री उतरावा लागतो. तरीही नांदेड जिल्ह्यातील कंधार गावाला स्वतःचा एक समुद्र आहे! राष्ट्रकूट राजांच्या काळी, हजार वर्षांहूनही पूर्वी, येथे एक विस्तीर्ण तलाव निर्माण झाला. ‘जगत्तुंग समुद्र’ हे त्याचे नाव. तिसरा गोविंद या पराक्रमी राष्ट्रकूट राजाची ‘जगत्तुंग’ ही पदवी होती. ज्यांनी कोकण पाहिले आहे, ते कदाचित या नावाला हसतील. परंतु वैशाखात ज्यांच्या विहिरींचा तळ दिसू लागतो, त्यांना एवढे पाणी समुद्राएवढे वाटावे, यात नवल ते काय?

पाऊसकाळ चांगला झाला, म्हणजे या समुद्राची शोभा पाहून घ्यावी. कंधारचा भुईकोट किल्ला पाहून सहलीची मुले इकडे वळतात. पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले असतात आणि मंद वाऱ्याने पाण्यावर लहान लहान लाटा उठतात.

मराठवाड्यातील अशा तलावांवर भोई लोक मासेमारी करतात. पावसाळ्यात कटला, रोहू यांचे बीज पाण्यात सोडतात. मरळ मात्र येथलीच. ती मोठी चमत्कारिक मासळी! श्वास घेण्यासाठी ती मधूनमधून पाण्यावर येते, आणि पिले झाली, की त्यांच्या घोळक्याखाली राहून त्यांचे रक्षण करते. अशा वेळी तिला पकडणे सोपे असते; पण पुढची मासळी त्याच पिलांतून यावयाची असते, हे विसरून कसे चालेल?

अवर्षण पडले, की सारेच पालटते. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी शहरातील पाहुण्याला सहल पुढे ढकलता येते. भोयाला तसे करता येत नाही. तळ्याचा चिखल भेगाळला, की जाळे गुंडाळून त्याला दुसरे पाणी शोधावे लागते, किंवा मजुरीची वाट धरावी लागते. पुढे पाऊस आला, तळे भरले, तरी लगेच जाळे जड होत नाही. बोटभर बीज विकण्याजोगे वाढावयास कित्येक महिने लागतात.